महिन्याच्या सोळा हजेऱ्या

“मॅडम, बच्चे का नाम बोलिए,” खिडकीमागचा चिराग तिसऱ्यांदा म्हणाला.

“बच्चा कोई नहीं है, भैया. मैं अपने लिए पूछ रही हूँ,” मोनालीताईनं तिसऱ्यांदा सांगितलं.

मी तिच्या मागेच उभी होते. माझ्या पोरीचं, देवश्रीचं, स्केटिंग रिंकचं कार्ड नवं करायचं होतं. रांगेतले आईबाप चुळबुळ करत होते. चिराग माणूस वाईट नव्हता, पण त्याच्यासमोरच्या फॉर्मवर पहिलाच रकाना मुलाच्या नावाचा होता आणि तो रिकामा ठेवून पुढं कसं जायचं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

त्या मार्चमध्ये आमच्या स्केटिंग रिंकला नवी फरशी बसली आणि फरशीबरोबर नवे नियमही आले. त्याआधी संध्याकाळी सात ते आठ कोणीही तिकीट काढून स्केटिंग करू शकायचं. आता फक्त सदस्यांनाच आत प्रवेश होता आणि सदस्यत्वाचे तीन प्रकार बोर्डावर लिहिले होते: विद्यार्थी, परिवार, खिलाड़ी. मोनालीताईचं वय त्रेचाळीस. ती विद्यार्थी नव्हती, तिला मूल नव्हतं आणि तिला खेळाडू म्हणावं असं त्या रांगेतल्या कोणाच्या मनातही आलं नसतं.

“परिवार में कर दूँ?” चिरागनं वाट काढायचा प्रयत्न केला. “कोई भी बच्चा चलेगा. भतीजी, पड़ोस की…”

मी मागून म्हटलं, “ताई, देवश्रीचं नाव लाव. मावशी म्हणून.”

ती चिरागकडं वळली. “लिखिए,” ती म्हणाली.

ते नाव मीच सुचवलं होतं, म्हणून पुढं जे झालं त्याचा थोडा दोष माझ्याकडंही येतो.

मोनाली गजभिये आमच्याच बिल्डिंगमध्ये, बरोबर माझ्या वरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहते. माझे मिस्टर रेल्वेत, मी रायपूरच्या पंडरी बाजारातल्या साड्यांच्या दुकानात काउंटरवर. ती स्वतः वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात टेक्निशियन आहे. तिचे वडील नत्थूजी तिथंच होते. ते ड्यूटीवर असताना हार्टनं गेले तेव्हा ही वीस वर्षांची, बी.ए.ला. धाकटा भाऊ प्रशिक आठवीत. वडिलांच्या जागेवर हिला खलाशी, म्हणजे कारखान्यातली मदतनीस, म्हणून घेतलं. पहिल्या दिवशी तिच्या मापाचे बूटसुद्धा स्टोअरमध्ये नव्हते, असं विमलाकाकू, म्हणजे तिची आई, अजून सांगतात. दोन नंबर मोठ्या बुटात कापूस कोंबून ती उभी राहिली, आणि मग तिथंच राहिली. परीक्षा देत देत वर चढली. आज मालगाडीच्या चाकाचं बेअरिंग बिघडलं की ते उघडून दोष सांगणाऱ्या चार माणसांत तिचं नाव येतं. प्रशिकचं पॉलिटेक्निक, नोकरी, लग्न सगळं तिनं केलं. तो आता भिलाईला असतो. तिच्या लग्नाचं जमलं नाही असं लोक म्हणायचे. ती म्हणायची, “जमलं नाही असं नाही, मी जमवलंच नाही.”

स्केटिंगकडं ती माझ्यामुळं आली. चार वर्षांपूर्वी लगनसराईत मला दुकानातून निघता येईना, तर देवश्रीला रिंकवर न्यायचं काम तिनं घेतलं. दोन तास बाकावर बसायचं, परत आणायचं. एक दिवस परत आली ती माझ्या दारातच उभी राहून सांगायला लागली. रिंकच्या एका कोपऱ्यात फरशीवर रंगानं दोन मोठे गोल काढले आहेत, एकाला एक चिकटून, आठच्या आकड्यासारखे. एक मुलगी एकाच पायावर तो गोल पुरा करते, मध्ये येऊन पाय बदलते आणि दुसरा गोल दुसऱ्या पायावर करते. चाकं रेषेवरून हलू द्यायची नाहीत. उडी नाही, गिरकी नाही, गाणं नाही.

“नुसतं गोल फिरणं?” मी विचारलं.

“नुसतं नाही. तू पाहिलं असतं तं समजलं असतं. तिचा पाय थरथरून राहिला होता, पण चाक रेषेवरच.”

पुढच्या आठवड्यात तिनं भाड्याचे स्केट्स पायात चढवले. चाळीशीला एक वर्ष कमी होतं. पहिले सहा महिने ती रेलिंग धरूनच होती. नंतर ती पडायला लागली आणि पडणं ही प्रगती आहे असं तिनं मला समजावलं. कोच सौमित्र सर मोठ्यांकडं फारसं लक्ष देत नसत, पण हिच्याकडं द्यायला लागले, कारण ही एकच गोष्ट विचारायची: रेष कुठं सुटली? चौथ्या वर्षी ती चाकांच्या बाहेरच्या कडेवर झुकून, एका पायावर, मोठा गोल जवळजवळ पुरा करायची. जवळजवळ. तेवढ्यात नवे नियम आले.

परिवार कार्डाचा पहिला रविवार. गाणी जोरात लागली होती, बाप लोक मोबाइलवर पोरांचे व्हिडिओ काढत होते. ताई स्केट्स बांधून सरळ कोपऱ्यातल्या गोलाकडं गेली. अर्धा गोल झाला असेल, शिट्टी वाजली. लाल टी-शर्टातला एक माणूस धावत आला. “मॅडम, परिवार वाले बाहर की पट्टी में. बच्चे का हाथ पकड़ के.”

देवश्री अकरा वर्षांची. मैत्रिणींसमोर हात धरून फिरायचं तिला कसं परवडणार! ती हळूच म्हणाली, “मावशी, आप बेंच पे बैठ जाओ ना, प्लीज़.”

ताई बाकावर जाऊन बसली. सगळा तास बसली.  बिल्डिंगखाली स्कूटीवरून उतरल्यावर म्हणाली, “दीपमाला, मी ते कार्ड वापस करून राहिली.”

“काहून? थोडंबहुत तर फिरता येते ना.”

“पट्टी पकडून फिराचं असतं, तं मी चार वर्षं पडली कायले?”

मला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. मी मदत केली होती आणि ती अशी बोलत होती. दोन दिवस मी वर गेले नाही.

त्या दोन दिवसांत तिनं नवा रायपूरमधला एक खासगी स्केटिंग हॉल बघून घेतला. कोणीतरी कारखान्यात सांगितलं होतं. लाकडी फरशी, एसी, रंगीत दिवे, आणि मोठ्यांसाठी वेगळं ‘फिटनेस’ सदस्यत्व. तिथं सगळे गोड बोलले. कोणी मुलाचं नाव विचारलं नाही. ती तास-दीड तास फिरून पण आली. परत आल्यावर तीच माझ्याकडं खाली आली, म्हणजे तिचा राग गेला होता, किंवा माझा गेला असावा असं तिनं धरलं होतं.

“चांगलं आहे,” ती म्हणाली. “पाय एकदम सरकते. पण तिथं गोल नाही काढलेले. मी विचारलं, काढता का? तो म्हणे, फ्लोअर खराब होईल.”

“मग तू मनानंच काढ ना गोल.”

“मनातला गोल नेहमी बरोबरच येते, दीपमाला. रेष असली तं समजते चुकला किती. अन सांगणारा पायजे.”

तिला कोणी गोड बोलावं म्हणून जायचंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

मग तिनं रिंकवर जाऊन नियमांची पुस्तिका मागितली. चिरागला ती कपाटाच्या तळातून काढावी लागली, कोणी कधी मागितलीच नव्हती. चोवीस पानं, हिंदीत. कारखान्यात नवं मशीन आलं की ती त्याचं मॅन्युअल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते, तशीच ही वाचली, पेन्सिल घेऊन, तीन संध्याकाळी. चौथ्या दिवशी मला चहाला वर बोलावलं.

“हे पाह्य. खिलाड़ी सदस्य. न्यूनतम आयु आठ वर्ष.” तिनं पेन्सिल ठेवली. “अन जास्तीत जास्त?”

मी पान उलटलं, मागचंही बघितलं. “नाही लिहिलं.”

“नाहीच लिहिलं. आता हे. माह में कम से कम सोलह उपस्थिति. रोज सकाळी या, असं कुठंच नाही. सकाळची तं मले जमणारच नाही, आठले गेटवर हजेरी लागते. पण मंगळ, गुरू, शनी संध्याकाळी पण खिलाडींची वेळ आहे, अन रविवारी सकाळी. चार दिवस, चार आठवडे.”

“सोळा,” मी म्हटलं. “बरोबर सोळा. एक दिवस ताप आला तर?”

“येऊ नाही द्यायचा.”

“पण ताई, खिलाडी म्हणजे स्पर्धा. पोट्ट्यांसोबत?”

तिनं पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘वर्ष में एक परीक्षा अथवा प्रतियोगिता अनिवार्य.’ ‘अथवा’च्या खाली तिनं दोनदा रेघ मारली होती.

“मले कोणाले हरवाचं नाही. मी परीक्षा देईन.”

विमलाकाकू आतून ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या. “रविवारी सकाळी विहारात वंदना असते. इतकी वर्षं कधी चुकवली नाही तू.”

“वंदना नऊले आहे, आई. रिंक आठले सुटते.”

“घामाघूम होऊन येशील?”

“डिक्कीत पांढरा कुर्ता ठेवीन.”

 पुढच्या सबंध वर्षात काकू रविवारी स्वतः रिक्षानं विहारात गेल्या आणि ताई मागून येऊन शेवटच्या ओळीत बसली. दोघींत ते तसंच राहिलं. काकूंना ते आवडलं, असं मी म्हणणार नाही.

फॉर्म द्यायला ती गेली तेव्हा चिरागनं तिला सेक्रेटरींकडं पाठवलं. दयारामजी म्हणजे निवृत्त खेळशिक्षक, इथलेच, पांढऱ्या मिशांचे. मी सोबत होते. त्यांनी फॉर्म वाचला, वयाच्या रकान्यावर थांबले.

“बहनजी, खिलाड़ी में तो सब बच्चे हैं.”

“हाँ सर, मालूम है.”

“आप गिर गईं, हाथ-पैर टूटा, तो ज़िम्मेदारी किसकी?”

“मेरी. लिख के लाई हूँ.” तिनं कागद पुढं ठेवले: लिहून दिलेलं पत्र, डॉक्टरांचा फिटनेस दाखला, विम्याची प्रत. “सर, मैं दिन भर क्रेन के नीचे काम करती हूँ. गिरने का डर क्या होता है, मालूम है मुझको.”

“और कल को सत्तर साल का कोई आ गया तो?”

“तो सोलह हाज़िरी उसको भी देनी पड़ेगी.”

दयारामजींनी पुस्तिका मागवली. आपलीच पुस्तिका, पण त्यांनी ती नव्यानं वाचली, बोट फिरवत. सौमित्र सर दारात उभे होते. त्यांना विचारलं तर ते म्हणाले, “सुबह आतीं तो अच्छा होता. पर शाम को भी सिखा दूँगा. फिगर करने वाला मेरे पास और है कौन? सबको जंप चाहिए.” फिगर म्हणजे ते रेषेवरचे गोल.

“हव,” दयारामजी शेवटी म्हणाले. “पर एक भी हाज़िरी कम हुई तो नाम कटेगा. सबका कटता है.”

“कट जाए,” ताई म्हणाली.

एप्रिलपासून ती खिलाडी झाली. एप्रिल-मे म्हणजे रिंकचं पत्र्याचं छत संध्याकाळी सहाला सुद्धा तव्यासारखं. ती कारखान्यातून यायची, तोंड धुवायची, दोन केळी खायची आणि निघायची. नऊ-दहा वर्षांच्या पोरींच्या रांगेत ती उभी राहायची तेव्हा सगळ्यांपेक्षा दोन हात उंच दिसायची. पोरी आधी ‘आंटी’ म्हणायच्या, मग ‘दीदी’ म्हणायला लागल्या, कारण कोणाच्या चाकाचा आवाज आला की ती खाली बसून, चाक फिरवून, कानानंच सांगायची की बेअरिंगमध्ये धूळ आहे का नट ढिला आहे. एप्रिल सोळा. मे सोळा. मे महिन्यात नात्यातलं एक लग्न नागपूरला होतं, शनिवारी. ती गेली नाही. त्यावरून काकूंना बरंच ऐकावं लागलं. जून सोळा, जुलै सोळा.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी ती पडली. कोणाचा धक्का नाही, फरशी ओली नाही. पाय बदलताना तोल गेला आणि डावा हात खाली आला. मनगटाला बारीक फ्रॅक्चर. पाच आठवडे प्लास्टर.

त्या संध्याकाळी प्रशिकचा फोन आला. स्पीकरवर होता म्हणून मलाही ऐकू आलं. “दीदी, अब तो बंद करो. किसके लिए कर रही हो ये? चालीस के बाद हड्डी जल्दी नहीं जुड़ती.”

“प्रशिक,” ती म्हणाली, “मी तुले विचारून नाही राहिली. सांगून राहिली. मंगळवारी मी रिंकवर जाणार आहे.”

“प्लास्टर में?”

“पायाले नाही ना लागलं.”

मंगळवारी माझी देवश्री घरी आली ती हसत आली. मावशी कापडी बूट घालून, गळ्यात हात अडकवून, रंगाच्या गोलावरून चालत होती. गुरुवारी मी स्वतः बघायला गेले. खरंच, ती पावलापुढं पाऊल ठेवत, रेषेवरून, चालत होती. एक गोल, मग पाय बदलून दुसरा गोल. एक पोरगी तिच्या मागं तिची नक्कल करत चालत होती आणि बाकावरच्या बाया तोंडावर रुमाल धरून हसत होत्या. मला लाज वाटली. तिच्यासाठी नाही, मी पण थोडी हसले होते म्हणून.

सौमित्र सर हजेरीचं रजिस्टर घेऊन आले. “मोनालीजी, ये उपस्थिति मानूँ?”

“सर, नियम में लिखा है रिंक पर अभ्यास. स्केट्स पहन के, ऐसा नहीं लिखा.”

सर हसले नाहीत. त्यांनी थोडा वेळ बघितलं. मग म्हणाले, “चलते समय भी कंधा बाहर जा रहा है आपका. वहीं से लाइन छूटती है. कंधा रोकिए.” आणि रजिस्टरवर खूण केली.

पाच आठवडे ती चालली. ऑगस्ट सोळा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हसणारे हसायचे थांबले, कारण तेच तेच बघून माणूस किती हसेल.

डिसेंबरमध्ये पहिल्या पायरीची परीक्षा झाली. परीक्षक बाई बाहेरगावच्या, करड्या केसांच्या, हातात पॅडला लावलेला कागद. नऊ मुली आणि ताई. प्रत्येक पायावर तीन-तीन फेऱ्या, रेषेवर. उजवा पाय तिनं सुंदर केला. डाव्यावर तिसऱ्या फेरीत, अर्ध्याहून पुढं गेल्यावर, दुसरा पाय खाली टेकला. टेकला म्हणजे टेकला. बाईंनी काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, “अगली बार.”

नऊपैकी आठ मुली पास झाल्या. ताई बाकावर बसून स्केट्सच्या नाड्या सोडत होती, पण नाडी सुटत नव्हती. मी खाली वाकून सोडून दिली.  ती रडली नाही. वडील गेले तेव्हाचा तिचा चेहरा मी पाहिला नव्हता, पण काकू सांगतात त्यावरून तो असाच असावा.

मला वाटलं, झालं. वर्षातून एक परीक्षा द्यायची होती, दिली. पास व्हायलाच पाहिजे असं पुस्तिकेत कुठं होतं? मी तिला तसं म्हटलं सुद्धा.

“नाही लिहिलं,” ती म्हणाली. “ते मीच लिहिलं आहे.”

मंगळवारी ती रिंकवर होती. सरांनी तिला सांगितलं, तुम्ही स्वतःच्या पायाच्या बोटांकडं बघता, रेषेत पुढं बघा. दोन महिने ती फक्त डाव्या पायावर राहिली. जानेवारी सोळा. फेब्रुवारीत अठ्ठावीस दिवस, तिथं एकही दिवस जास्तीचा नव्हता, आणि नेमकं एका गुरुवारी कारखान्यात काम लांबलं. सेक्शनचे सुपरवायझर बाबारावजी कडक म्हणून ओळखले जातात. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि सरळ म्हणाली, “साहेब, मले सहाले रिंकवर जायचं आहे. हे काम मी उद्या तासभर आधी येऊन करते.” तेवीस वर्षांत तिनं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. बाबारावजींनी घड्याळ बघितलं आणि जा म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती सातला गेटवर होती.

मार्चमध्ये पुन्हा त्याच बाई आल्या. या वेळी मी दुकानातून अर्धी सुट्टी घेतली. विमलाकाकूंना पण म्हटलं, चला. त्या म्हणाल्या, “पडली तं मले पाहवणार नाही,” आणि आल्या नाहीत.

ताईनं उजव्या पायाच्या तीन फेऱ्या केल्या. मध्ये आली, पाय बदलला. डावी पहिली. दुसरी. तिसऱ्या फेरीत, जिथं मागच्या वेळी गेली होती त्याच वळणावर तिचा घोटा हलला, मला इतक्या लांबूनही दिसलं. तिनं खांदा आत धरला, मान वर ठेवली आणि चाक रेषेच्या थोडं बाहेर जाऊन परत आत आलं. पाय टेकला नाही. गोल पुरा झाला.

बाईंनी लिहिलं. मग कागद ताईला दाखवला. ‘उत्तीर्ण.’ खाली एक ओळ होती: बायाँ पैर कच्चा.

“लाइन कहाँ छूटी, मैडम?” ताईनं विचारलं.

बाईंनी चष्मा वर केला. मग उठून तिला गोलावर नेलं आणि बोटानं ती जागा दाखवली. दोघी बराच वेळ तिथं वाकून उभ्या होत्या.

घरी काकूंना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त “बरं” म्हटलं आणि प्रशिकला फोन लावून मोठ्या आवाजात, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं, सांगितलं.

एप्रिलमध्ये कार्ड नवं करायला गेलो तर बोर्डावर चौथी ओळ आली होती: वयस्क, म्हणजे प्रौढ. वर्षभर ताईला बघून आणखी पाच-सहा मोठ्या माणसांनी चौकशी केली होती म्हणे. एक बँकेतले साहेब, एक नर्स, तात्यापारा मोहल्ल्यातले एक औषधवाले. सोमवारी आणि बुधवारी संध्याकाळ, रंगाचे गोल खुले, हजेरीची अट नाही, परीक्षेची सक्ती नाही. दयारामजी स्वतः खिडकीशी आले. “मोनालीजी, ये आपके जैसे लोगों के लिए ही बनाया है. आराम से कीजिए अब. नाम बदल दूँ?”

मला वाटलं, हेच तर तिला हवं होतं. मी तर म्हटलंही, “घे ना ताई. आता कायले जीव काढते?”

तिनं बोर्ड नीट वाचला. “अच्छा किया सर, बहुत अच्छा किया,” ती म्हणाली. “पर मेरा खिलाड़ी में ही रहने दो.”

“क्यों?”

ती मराठीतच, माझ्याकडं बघून बोलली. “हजेरी कोणी मोजत नसली ना, तं मी सोळातले दहाच दिवस येईन. मग आठ. मले माझं माहीत आहे.”

दयारामजींना सगळं कळलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी मान हलवली आणि चिरागनं फॉर्म पुढं सरकवला. तिनं तिथंच उभ्यानं भरला, परीक्षेच्या रकान्यात दुसरी पायरी लिहिली.

दुसऱ्या पायरीत गोल तोच, पण उलटं जायचं, पाठीकडून. रेष दिसत नाही. पहिल्याच मंगळवारी ती तीनदा पडली, असं देवश्रीनं सांगितलं. गुरुवारी दोनदा.